तुम्ही विचारलंत म्हणून : मे महिन्यात क्लास बंद, मग करता काय?

लातुरात माझा कथकचा क्लास आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या एप्रिल-मे सत्राच्या परीक्षा उरकल्या की मी क्लास बंद करते आणि जूनच्या मध्यावर शाळांबरोबरच उघडते. मग दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, ऐन सुट्टीत बंद? सगळेजण शिबिरं घ्यायलेत. तुम्ही करता काय महिनाभर?"

शिबिर का नाही, ते आधी सांगते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून उन्हाळ्यात हॉलभर मुलं जमवायची हे माझ्या मनातून उतरलंच. शिवाय वर पत्रा, पारा चाळिशीच्या पुढे आणि खाली पोरी ततकार, म्हणजे बोलांवर पाय आपटायचा सराव, करतायत, हे मला पटत नाही.

पण वर्ष कसं जाणार ते याच महिन्यात ठरतं. बहुतेक जण बॅनरपासून सुरुवात करतात. मी जमिनीपासून करते.

आपल्याकडे भाड्याचा हॉल म्हटलं की शहाबादी फरशी नाहीतर सिमेंटचा कोबा. 'ता थेई थेई तत्' म्हणत तासभर पाय आपटले की त्याचा सगळा मार टाच, नडगी आणि गुडघ्यात जातो. आठ वर्षांच्या मुलीला हे सांगता येत नाही. ती हळूहळू पाय हलका मारायला लागते आणि घरचे म्हणतात, हिला कंटाळा आला. म्हणून मी फरशीवर लाकडी पट्ट्या ठोकून वर प्लाय टाकून घेतला आहे. खाली पोकळी राहते, पायाला थोडी लवचीक साथ मिळते. उन्हाळ्यात मात्र लाकूड सुकतं आणि स्क्रूची डोकी वर येतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गुडघ्यांवर बसून, तळहात सपाट ठेवून सगळा प्लाय चाचपायचा. हाताला टोचेल तिथं खडूनं गोल करायचा. मग टाचेनं जोड ठोकत जायचं. जिथं खडखडतं तिथं पट्टी सुटलेली असते. एवढं झाल्यावरच सुताराला बोलवायचं, नाहीतर तो दारातून बघतो आणि "ठीक आहे की" म्हणून जातो.

घुंगरांचंही तसंच. सुती दोरी वर्षभर घाम पिऊन ताठ होते, घुंगरांमधल्या गाठी सैल पडतात. ऐन ततकारात एक घुंगरू निसटून दुसरीच्या अनवाणी पायाखाली आलं तर मोठी इजा होते. म्हणून क्लासचे जोड सोडवून नव्या दोरीत ओवते. नवख्यांना मात्र पहिले काही महिने घुंगरू देत नाही. पाय आधी स्वच्छ ऐकू यायला हवा.

आरसे, स्पीकर, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी ही कामं एका दिवसात होतात.

खरी डोकेफोड वेळापत्रकाची. लातूर ट्यूशनचं गाव. नीट-जेईईसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मुलं इथं येतात, मग गावातली मुलं मोकळी कशी राहतील? आधी ट्यूशनच्या वेळा गोळा करते, मग उरलेल्या फटीत माझ्या बॅच बसवते. माझी वेळ आधी जाहीर करून त्यांनी जुळवून घ्यावं, हे इथं होत नाही.

फीचंही आपल्या भागाप्रमाणेच ठरवावं लागतं. जून म्हणजे पेरणी. बियाणं, खत, त्यात वह्या-पुस्तकं आणि गणवेश. अशा वेळी वर्षाची फी एकदम मागितली की चांगली तयार होत आलेली मुलगी गप्प घरी बसते. "मॅडम, आडतीवर सोयाबीन घातलं की देतो," असं सांगणारा बाप फी बुडवणारा नसतो, त्याच्या हातात पैसाच तेव्हा येतो. म्हणून जूनमध्ये थोडी आणि दिवाळीच्या आसपास उरलेली, असे दोन हप्ते ठेवलेत. त्यासाठी जून ते ऑक्टोबरचं भाडं आणि वीजबिल मार्चपर्यंतच बाजूला काढावं लागतं. नवीन क्लास काढणाऱ्यांना मी हेच पहिलं सांगते.

आणि बॅनर छापण्याआधी फोन. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी. नाच आवडेनासा झाला, असं उत्तर फार क्वचित येतं. संध्याकाळी घरी न्यायला कुणी नाही, भावाची ट्यूशन त्याच वेळेला, आणि सर्वांत जास्त वेळा, "आता नववी आहे हो." ठरावीक परीक्षा पास झाल्या असतील तर शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे मी सांगते. पण नुसत्या गुणांसाठी पोरीला अडकवून ठेवावं असं मला वाटत नाही. मंडळाची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा देऊन मध्यमा या पुढच्या परीक्षेला आलेली मुलगी नेमकी तेव्हाच सुटते, जेव्हा तिला लय स्वतःची स्वतः सापडायला लागलेली असते. ते मला बघवत नाही. म्हणून नववी-दहावीसाठी वेगळी बॅच आहे: फक्त रविवारी सकाळी साडेसात ते नऊ, फी निम्मी, परीक्षेची सक्ती नाही. बोर्डाच्या आधीचे दोन महिने आली नाही तरी तिची जागा तिचीच.