'रा रा रायट'चा पहिला अल्बम आणि ग्लॉस्टरची वाट

बॉस्टनकडे शिकायला किंवा नोकरीला आला असाल, तर 'रा रा रायट' या बँडचा 'द रम लाइन' हा पहिला अल्बम एकदा सलग ऐकाच. २००६ साली सिराक्यूज विद्यापीठातल्या मुलांनी हा बँड सुरू केला, घरगुती पार्ट्यांत वाजवत तो वर आला. गिटार, बेस, ड्रम्स आणि जोडीला व्हायोलिन, चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ). जॉन पाईक ड्रम्स वाजवायचा, गाण्यांचे शब्दही लिहायचा. जून २००७ मध्ये मॅसाचुसेट्समधल्या फेअरहेवनला एका पार्टीतून तो बेपत्ता झाला आणि तिथल्या बझर्ड्स बे या उपसागराच्या पाण्यात त्याचा मृतदेह सापडला. वय अवघं २३.

अल्बम ऑगस्ट २००८ मध्ये आला, तेव्हा ड्रम्सवर कॅमेरॉन विश होता. 'डाइंग इज फाइन' हे गाणं पाईकच्या मृत्यूवर लिहिलंय असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अमेरिकन कवी ई. ई. कमिंग्जच्या कवितेवरून बेतलेलं हे गाणं पाईकच्या हयातीतच झालेलं आहे, बँडच्या २००७ च्या ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ते आहेच. म्हणून आधी ईपी ऐका, मग अल्बम. हे गाणं आणि 'इच इयर' दोन्हीकडे आहेत, ती पाठोपाठ लावा. पहिल्या वेळी कान फक्त ड्रम्सकडे. माणूस बदलला की तेच गाणं कसं वेगळं चालतं, ते लगेच कळतं.

फोनच्या स्पीकरवर मात्र नको. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, चेलोची ६५ ची. इतका खर्ज त्या इवल्याशा स्पीकरला झेपत नाही. व्हायोलिन १९६ पासून सुरू होतं, तेच मग पुढे येतं आणि बँड उगाच गोड वाटतो. हेडफोन लावले की चेलो गाण्याला किती वजन देतो ते समजतं. जुन्या लाइव्ह चित्रफितींत चेलो दबलेला वाटला तर नवल नाही. ड्रम्स आणि मॉनिटरच्या (वादकांसमोरच्या स्पीकरच्या) आवाजाने चेलोची पोकळ पेटी घुमू लागते, फीडबॅक म्हणजे स्पीकरचा घूं-घूं आवाज सुरू होतो आणि साउंडवाल्याला चेलोच कमी करावा लागतो.

अल्बमचं नाव बॉस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या ग्लॉस्टर गावातल्या एका बारवरून आहे. पाईकचं गाव हॅमिल्टन तिथून जवळच. अल्बममध्ये 'सेंट पीटर्स डे फेस्टिव्हल' नावाचं गाणं आहे, आणि ग्लॉस्टरच्या इटालियन मच्छीमारांची सेंट पीटरची जत्रा दरवर्षी जूनअखेर भरते. आपल्या नारळी पौर्णिमेसारखाच हाही दर्यावर पोट असलेल्यांचा सण. पाण्यावर आडव्या बांधलेल्या खांबाला ग्रीस फासतात, टोकाला झेंडा लावतात. तो काढायला निघालेली पोरं एकामागून एक धपाधप पाण्यात पडतात. हे बघायचं तर जत्रेच्या शुक्रवार ते रविवार दुपारनंतर जा.

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून रॉकपोर्टची लोकल पकडा, साधारण तासाभरात ग्लॉस्टर. बारमध्ये दारू प्यायची तर वय २१ पूर्ण हवं आणि पासपोर्ट जवळ ठेवा. भारतीय लायसन्स बहुतेक चालत नाही. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची शेवटची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.