रंग नाही, म्हणजे तांबं नाही?

मंगळवारपासून डोक्यात त्या सहा ट्यूब घोळताहेत. मी त्या सिंकमध्ये ओतायला सांगितल्या होत्या.

बेळगावात बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री शिकवतो. प्रकाशसंश्लेषण शिकवताना फळ्यावर एक चिमुकला गोल काढतो, त्यात ‘पीसी’ लिहितो. प्लास्टोसायनिन, पानातलं तांबं असलेलं निळं प्रथिन. सायटोक्रोम एफ या प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा, थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशवीच्या, पोकळीतून जायचं आणि फोटोसिस्टिम १ मधल्या पी-७०० या हरितद्रव्याला द्यायचा. बाण काढला की पुढे. यंदा ठरवलं, हा गोल मुलांना डोळ्यांनी दाखवायचा.

कडोलीहून पालक आणला. वाटणं, गाळणं, सेंट्रिफ्यूज, सगळं बर्फात. खरं काम डीईएई-सेल्युलोजच्या कॉलमवर. प्रथिनं त्याला चिकटतात आणि मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की एकेक सुटतं. मीठ घाईने वाढवलं तर सगळी एकमेकांत मिसळून खाली येतात. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हे बसतच नाही, आणि टाइमटेबल करणाऱ्यांना ते कधी पटत नाही. भांडून अख्खा दिवस मिळवला होता.

वर फेरेडॉक्सिन या दुसऱ्या प्रथिनाचा तांबूस-तपकिरी पट्टा छान बसला. प्लास्टोसायनिन त्याच्या आधी सुटतं. त्याची निळाई काही दिसेना. ट्यूब भरत गेल्या, पाण्यासारख्या. अटेंडरमामांना म्हटलं, ओता.

“सर, रंग न्हाई म्हणजे तांबं न्हाई, असं कशावरून?” खानापूरकडून येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी. “इलेक्ट्रॉन घेऊन बसलं असंल तर? फेरिसायनाइड घालून बघू काय?”

पोटॅशियम फेरिसायनाइड इलेक्ट्रॉन काढून घेतं. काचकांडीच्या टोकाला चिकटेल एवढंच घातलं. जास्त झालं तर त्याचा पिवळेपणा निळ्यात मिसळतो. पहिल्या तीन ट्यूब तशाच राहिल्या. चौथी पांढऱ्या कागदापुढे धरली आणि कपड्यांना नीळ घालतो तसं पाणी निळं झालं. पाचवीही. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५९७ नॅनोमीटरला शिखर. चौथीतलं थोडं वेगळं काढून त्यात क जीवनसत्त्वाच्या गोळीचा कण टाकला, निळाई गेली. पालकाच्या पानातलं हेच जीवनसत्त्व आधीच इलेक्ट्रॉन देऊन मोकळं झालं असणार.

हे प्रथिन ९९ अमिनो आम्लांचं, आठ पट्ट्यांच्या पिंपासारखं. एका टोकाला तांब्याचा एकच अणू. त्याला दोन हिस्टिडिन, एक सिस्टीन, एक मेथिओनिन या अमिनो आम्लांनी धरलेलं. सिस्टीनच्या गंधकामुळे तो गर्द निळा, पण इलेक्ट्रॉन नसतानाच; असला की बिनरंगी. इलेक्ट्रॉन असताना तांब्याला एक ठेवण आवडते, नसताना दुसरी. प्रथिन त्याला दोन्हींच्या मधल्या ठेवणीत जखडून ठेवतं, म्हणून देवाणघेवाणीत फारशी हलवाहलव लागत नाही. कातोह यांनी हे १९६० मध्ये क्लोरेला शैवालात शोधलं. सिडनीत पॉप्लरच्या पानातल्या प्रथिनाची स्फटिकरचना १९७८ मध्ये निघाली. हे सगळं मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि नेमक्या वेळी विसरलो.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ही शंका तिला वर्गातच, दोन आठवड्यांपूर्वी आली होती. “मग विचारलं का नाहीस?” “इंग्लिशमधनं जमंना, सर.” इतक्या वर्षांत अशा किती शंका बाकावरच राहिल्या असतील! आम्ही माध्यमाचा नियम पाळत बसलो, आणि पोरं गप्प बसत गेली.

बसला निघताना दारातून परत आली. तांब्यापासून सिस्टीनचं गंधक २.१ अँगस्ट्रॉमवर, मेथिओनिनचं जवळजवळ २.९ वर. “एवढं लांब ठेवायचं तर धरलंय कशाला?”

सोमवारी सांगतो म्हटलंय. मराठीत.