पंचवीस महिने आणि नऊ कार्यक्रम

माझ्या लहानपणी नगरपालिकेचा एक रोडरोलर आमच्या शाळेच्या कुंपणाशी कायमचा उभा असे. त्याच्या अंगावर कंपनीच्या नावाची ओतीव पाटी होती आणि मधल्या सुट्टीत तिच्यावरची अक्षरे बोटाने गिरवणे हा आमचा एक उद्योग होता. त्यामुळे एका अमेरिकन बँडने आपले नाव रोडरोलरच्या पाटीवरून उचलले होते, हे पुढे कधीतरी वाचनात आले, तेव्हा त्या बँडचे एकही गाणे ऐकण्याआधीच मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. हा बँड म्हणजे बफेलो स्प्रिंगफील्ड. एप्रिल १९६६ मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये जमला आणि मे १९६८ मध्ये मोडला. उणेपुरे पंचवीस महिने आणि तीन अल्बम, एवढाच त्याचा संसार. मोडल्यानंतर मात्र तो पुन्हा एकत्र येणार असल्याच्या वार्ता चाळीसेक वर्षे उठत राहिल्या, आणि तो खरोखर एकत्र आला तेव्हा जे घडले ते त्या पहिल्या पंचवीस महिन्यांची संक्षिप्त आवृत्ती म्हणावी असेच होते. त्याविषयीच आज लिहायचे आहे.

या बँडची गोष्ट बहुधा नील यंग आणि स्टीफन स्टिल्स यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पुढे दोघेही फार मोठे झाले, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मला मात्र ती तिसऱ्याच्या, म्हणजे रिची फ्युरेच्या बाजूने पाहिल्याशिवाय नीट कळली नाही. फ्युरे ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावचा. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली तो आणि स्टिल्स एका नऊ जणांच्या लोकगीतगायनाच्या चमूत एकत्र गात असत. कॅनडातला यंग स्टिल्सला शोधत न्यूयॉर्कला आला, तेव्हा त्याला स्टिल्स भेटला नाही, फ्युरे भेटला. आणि यंगने आपले एक नवे गाणे त्याला शिकवले. पुढे स्टिल्सने कॅलिफोर्नियातून निरोप धाडला की बँड तयार आहे, फक्त एक गायक हवा आहे, लगेच निघून ये. फ्युरे पोचला तेव्हा त्या तयार बँडमध्ये एकटा स्टिल्सच होता. या माणसाचा स्वभाव पुढच्या सगळ्या हकिकतीत असाच दिसतो: कोणीतरी बोलावते, हा जातो आणि तिथे पोचल्यावर बाकीच्यांची वाट पाहतो.

यापुढचा प्रसंग रॉक संगीताच्या दंतकथांमध्ये जमा झालेला आहे. यंग आणि त्याचा बेसवादक मित्र ब्रूस पामर हे दोघे टोरोंटोतला आपला बँड फुटल्यावर १९५३ सालच्या एका काळ्या पॉन्टियॅक शववाहिकेत बसून लॉस एंजेलिसला आले होते. स्टिल्स कुठे सापडेना, म्हणून कंटाळून ते सॅन फ्रान्सिस्कोकडे निघण्याच्या बेतात होते. सनसेट बुलेव्हार्डवर वाहतूक तुंबलेली असताना समोरच्या दिशेच्या गाडीतून स्टिल्स आणि फ्युरे यांना ती शववाहिका आणि तिच्यावरची ऑन्टॅरिओची नंबरप्लेट दिसली. गाडी तिथल्या तिथे वळवून त्यांनी तिचा पाठलाग केला. गाडी कोण चालवत होते आणि शववाहिका आधी कोणाच्या नजरेस पडली, याबद्दल प्रत्येकाची आठवण वेगळी आहे. पण नंबरप्लेटवर सर्वांचे एकमत आहे. थोड्याच दिवसांत ड्यूई मार्टिन हा ड्रमवादक येऊन मिळाला आणि ११ एप्रिल १९६६ रोजी हॉलिवूडमधल्या ट्रुबाडूर या क्लबात पाच जणांचा पहिला कार्यक्रम झाला. पाचांपैकी तिघे, म्हणजे यंग, पामर आणि मार्टिन, कॅनडाचे होते. नावाचा प्रश्न, ते राहत होते त्या फाउंटन अव्हेन्यूवरच्या घरासमोरच सुटला. तिथे रस्त्याचे काम चालू होते आणि उभ्या असलेल्या रोलरवर ‘बफेलो-स्प्रिंगफील्ड’ अशी पाटी होती. ही कंपनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डची, आणि फ्युरेचे यलो स्प्रिंग्ज तिथून हाकेच्या अंतरावर. घर सोडून तीन हजार किलोमीटर लांब आलेल्या मुलाला बँडच्या नावात शेजारचे गाव मिळावे, हा योगायोग मला फार आवडतो.

मे आणि जून १९६६ मध्ये व्हिस्की ए गो गो या क्लबात त्यांनी सलग काही आठवडे गाऊन नाव कमावले. त्या दिवसांत त्यांना ऐकलेले लोक आजही सांगतात की बँडचा खरा आवाज ध्वनिमुद्रिकेत कधी उतरलाच नाही. तिन्ही गिटारवादक गाणी लिहीत आणि गात, आणि बेतापुरते एकमेकांच्या वाटेत येत. यंगचा उंच, कापरा आवाज लोकांना रुचेल की नाही याबद्दल शंका असल्यामुळे पहिल्या अल्बमवर त्याची तीन गाणी फ्युरेने गायली. न्यूयॉर्कमध्ये शिकलेले ते गाणेही त्यात होते. दुसऱ्याची गाणी आपल्या गळ्यातून मनापासून गाणारा आणि त्यावर स्वतःचा हक्क न सांगणारा माणूस ज्या बँडमध्ये असतो, तो बँड टिकण्याची काहीतरी शक्यता असते. इथे ती शक्यता बाकीच्यांनी पुरी केली नाही.

नोव्हेंबर १९६६ मध्ये सनसेट स्ट्रिपवर तरुणांवर लादलेल्या संचारबंदीवरून पोलिसांशी झटापटी झाल्या. त्यावर स्टिल्सने लिहिलेले ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ हे गाणे १९६७ च्या वसंतात बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले, आणि ते नंतर घाईघाईने पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत घालण्यात आले. बँडचे तेवढे एकच गाणे सर्वांना ठाऊक असते. पण यशाची चाहूल लागत असतानाच जानेवारी १९६७ मध्ये गांजाच्या प्रकरणात पामरची कॅनडात रवानगी झाली. जूनमध्ये माँटेरेचा प्रसिद्ध महोत्सव तोंडावर आला असताना यंग बँड सोडून गेला, आणि मंचावर त्याच्या जागी डग हेस्टिंग्ज नावाचा वादक आणि पाहुणा म्हणून बर्ड्‌स बँडचा डेव्हिड क्रॉस्बी उभा राहिला. काही आठवड्यांनी यंग परत आला. पामर आला, पुन्हा गेला. दुसरा अल्बम त्या वर्षाच्या अखेरीस बाजारात आला तो बव्हंशी ज्याने त्याने आपापले गाणे वेगवेगळ्या खोलीत बसून केल्यासारखा होता, आणि तरीही तो त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. एकोपा आणि गुणवत्ता यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नसतो.

याच अल्बमवर फ्युरेचे ‘अ चाइल्ड्स क्लेम टू फेम’ हे गाणे आहे. यंगच्या जाण्या-येण्याला वैतागून ते लिहिले गेले, असे सांगितले जाते. वैताग असा, की ऐकणाऱ्याला तो वैताग वाटूच नये. चाल निखळ कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या गाण्यांच्या वळणाची, आणि तिच्यात जेम्स बर्टनने वाजवलेला डोब्रो, म्हणजे धातूच्या तबकडीमुळे खणखणीत बोलणारी गिटार. यंगही त्यात गायला आहे. आपल्यावरची तक्रार सुरात सूर मिसळून गाणारा माणूस हा एकतर फार मोठ्या मनाचा असला पाहिजे किंवा त्याला काहीच फरक पडत नसला पाहिजे. यंगच्या बाबतीत कुठले खरे, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

जानेवारी १९६८ नंतर पामरच्या जागी जिम मेसिना आला. २० मार्चला टोपांगा कॅनियनमधल्या घरावर पोलिसांची धाड पडली; यंग, फ्युरे, मेसिना आणि त्या दिवशी तिथे आलेला इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन पकडले गेले, स्टिल्स खिडकीतून निसटला. ५ मे १९६८ रोजी लाँग बीचच्या सभागृहात शेवटचा कार्यक्रम झाला. करारानुसार एक अल्बम द्यायचा शिल्लक होता. तो उरलेल्या फितींमधून जुळवण्याचे काम कोणाकडे आले असेल? अर्थातच फ्युरेकडे, आणि मदतीला मेसिना. ‘लास्ट टाइम अराउंड’ जुलैच्या अखेरीस आला. त्याच्या मुखपृष्ठावर बाकी सगळ्यांची तोंडे एका दिशेला आहेत आणि यंगचे विरुद्ध दिशेला.

या अल्बममधले ‘काइंड वुमन’ हे फ्युरेने पत्नीसाठी लिहिलेले गाणे कंट्री-रॉकच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, आणि बँडला मी या प्रकारात का बसवतो याचे उत्तरही तेच आहे. त्यासाठी कोलोरॅडोहून रस्टी यंग या तरुणाला पेडल स्टील वाजवायला बोलावले होते. नील यंगशी त्याचे काही नाते नाही. आपल्याकडच्या कानांना पेडल स्टीलची ओळख जुन्या हिंदी चित्रपटगीतांतल्या हवायन गिटारवरून करून देता येईल, कारण दोन्ही एकाच कुळातली. तारेवर पोलादी दांडी सरकत जाते आणि सूर मींड घेत पुढच्या सुराला जाऊन भेटतो. पेडल स्टीलमध्ये भर पडते ती पायाची आणि गुडघ्याची, कारण एक तार जागच्या जागी थांबलेली असताना दुसरी पायाने ताणून वर चढवता येते. ‘काइंड वुमन’मध्ये फ्युरेचा आवाज ओळ संपवतो आणि त्या संपण्याच्या आत, श्वास पुरा सुटण्यापूर्वी, स्टील तो सूर उचलते. बर्ड्‌सचा कंट्रीकडे वळलेला नामांकित अल्बम त्यानंतर महिनाभराने बाजारात आला. श्रेय कोणाला द्यायचे, या वादात मी पडत नाही. पण फ्युरेचे नाव त्या यादीत नेहमी थोडे खाली असते आणि ते मला खटकते.

त्याच ध्वनिमुद्रणातून फ्युरे, मेसिना आणि रस्टी यंग यांचा पोको हा बँड निघाला. स्टिल्स क्रॉस्बी आणि इंग्लिश गायक ग्रॅहम नॅश यांच्याबरोबर नव्या चमूत गेला, आणि थोड्याच दिवसांत नील यंग तिथेही येऊन, जाऊन, पुन्हा येऊन राहिला. ड्रमवादक मार्टिनने १९६८ मध्येच नवी माणसे जमवून बफेलो स्प्रिंगफील्डच्या नावाने कार्यक्रम सुरू केले, तेव्हा स्टिल्स आणि यंग यांनी कायद्याचा आधार घेऊन त्याला नाव बदलायला लावले. जे नाव दोघांनाही चालवायचे नव्हते, ते तिसऱ्यानेही चालवू नये, हा आग्रह आपल्याकडच्या भाऊबंदकीत शोभला असता.

१९८६ मध्ये पाचही जण स्टिल्सच्या घरी जमले, वाजवले, त्याचे चित्रणही झाले, आणि पुढे काही झाले नाही. मे १९९७ मध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, तेव्हा चौघे मंचावर होते. समारंभ दूरचित्रवाणीसाठी कापून-छाटून दाखवला जाणार आणि तिकिटे महाग आहेत, अशी हरकत पत्राने कळवून यंग आला नाही. हा पुन्हा सोडून गेला, अशा अर्थाचे काहीतरी स्टिल्स मंचावरच फ्युरेला म्हणाला. हशा पिकला. तीस वर्षांपूर्वी माँटेरेला तो पिकला नव्हता.

फ्युरेला मी इथे संत ठरवत आहे असे वाटू नये. पोकोचे मूळचे पाच जण १९८९ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि त्यांचा अल्बम चांगला चाललाही, पण त्या दौऱ्यात फ्युरे शेवटपर्यंत राहिला नाही. तोवर तो कोलोरॅडोत एका चर्चचा पाद्री झालेला होता. सोडून जाणे त्यालाही येत होते.

पामर २००४ मध्ये गेला, मार्टिन २००९ मध्ये. पाचांचे तीन उरले तेव्हा कुठे यंगने फोन केला. गंभीर शारीरिक आणि वाचेच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या ब्रिज स्कूलच्या मदतीसाठी यंग दांपत्य दरवर्षी कार्यक्रम करत असे. त्यात २३ आणि २४ ऑक्टोबर २०१० रोजी, बेसवर रिक रोसास आणि ड्रमवर जो व्हिटाली यांना घेऊन, बफेलो स्प्रिंगफील्ड बेचाळीस वर्षांनी लोकांसमोर उभा राहिला. जून २०११ मध्ये ओकलंड, लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथे प्रत्येकी दोन आणि टेनेसीतल्या बोनारू महोत्सवात ११ जूनला एक, असे सात कार्यक्रम झाले. पुढच्या सुमारे तीस कार्यक्रमांची आखणी होती. मग यंग आपल्या क्रेझी हॉर्स या दुसऱ्या बँडकडे वळला. २०१२ च्या सुरुवातीला, बँड अनिश्चित काळासाठी थांबला असल्याचे फ्युरेने सांगितले. आपल्याच भूतकाळाची सहल करत राहायचे नाही, असे यंगचे म्हणणे होते. ते चुकीचे म्हणता येत नाही; त्या वर्षी त्याने क्रेझी हॉर्सबरोबर दोन अल्बम काढले. पण दिलेला शब्द मोडल्याचा हिशेब अल्बमच्या संख्येने चुकता होतो असे मला वाटत नाही.

ऑक्टोबर २०१० च्या कार्यक्रमाची प्रेक्षकांनी टिपलेली चित्रणे मी अधूनमधून काढून पाहतो. त्यात ‘अ चाइल्ड्स क्लेम टू फेम’ आहे. पासष्टी ओलांडलेला फ्युरे मान वर करून, त्याच स्वरात, तेवीस वर्षांच्या मुलाची तक्रार गातो आहे, आणि ज्याच्याबद्दल ती आहे तो त्याच्यापासून चार पावलांवर, खाली मान घालून, गिटार वाजवतो आहे.