बोटीच्या सीलला पाणी कुठून द्यायचं?

भोसरीत आमचं मेकॅनिकल सीलचं वर्कशॉप आहे. फिरत्या शाफ्टच्या कडेने पाणी गळू नये म्हणून एकमेकांवर घासत बसणाऱ्या दोन रिंगांची जोडी, तो सील. येतात ते सगळे पंपांचे सील. साखर कारखाना, केमिकल, डेअरी, जे असेल ते. त्यामुळे एका गृहस्थांनी पिशवीतून स्टेनलेसची जाड रिंग, रबरी बेलो (घड्यांची नळी) आणि कार्बनचा फेस (घासणारी रिंग) काढून टेबलावर मांडला, तेव्हा मी आधी पंपाचा मॉडेल नंबरच विचारला. ते म्हणाले, "पंप नाही, बोट आहे. पानशेतच्या बॅकवॉटरला असते."

कार्बन हातात घेतला आणि निम्मं निदान तिथेच झालं. फेसवर बारीक तडे, बोटांना काळी पूड, आणि रोटरवर, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणाऱ्या स्टेनलेसच्या रिंगवर, निळसर तपकिरी झाक. सील कोरडा चालला होता. हळू चालवली की बोट गप्प, वेग धरला की मागून किंचाळते, असं ते म्हणाले. कार्बन नवा टाकून, लॅप करून (घासून अगदी सपाट करून) देणं सोपं होतं. पण तो पुन्हा जळणारच होता. म्हणून म्हटलं, बोट बघू द्या.

खानापूर ओलांडून पानशेतला पोहोचलो तेव्हा बोट ट्रेलरवरच होती. इंजिनाच्या मागे शाफ्टजवळ वाकून पाहिलं. सीलच्या बॉडीला पाण्यासाठी नळीचं टोक दिलेलं असतं, तिथे कुणीतरी पितळी प्लग ठोकला होता. वर टेफ्लॉन टेप, अगदी मन लावून गुंडाळलेली. तिथला मेकॅनिक म्हणाला, "काका, सील पाण्याखालीच असतो ना? मग त्याला वेगळं पाणी कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बोट उभी असते तेव्हा शाफ्टच्या नळीत पाणी आपोआप भरतं. हळू चालणाऱ्या बोटीला सीलमधली हवा वर निघून जायला पाणीपातळीच्या वर नेलेली मोकळी नळीसुद्धा चालते. पण साधारण 12 नॉटच्या (ताशी 22 किलोमीटरच्या) पुढे गेलं की मागच्या ओढीने शाफ्टच्या नळीतलं पाणी खेचलं जातं, सीलपाशी हवा उरते, आणि कार्बन व स्टेनलेस यांच्यामधली पाण्याची फिल्म जाते. पंपात आम्ही डिलिव्हरीतून थोडं पाणी सीलकडे वळवतो, प्लॅन 11 म्हणतात त्याला. इथेही तेच करायचं होतं: इंजिनाचा पंप बाहेरून जे पाणी ओढतो, त्यातलं थोडं सीलला. इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून गेल्यावर हे पाणी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे धुराच्या पाइपच्या वाकड्या तुकड्यात, सोडलेलं असतं. सीलकडे फाटा काढणारा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा तो या दोहोंच्या मध्ये.

मध्ये म्हणजे नेमका कुठे, यावर मात्र तासभर वाद झाला. इंजिन पाणीपातळीच्या खाली असल्यामुळे एक्स्चेंजर ते एल्बो ही नळी वर कमान करून नेलेली होती, माथ्यावर अँटी-सायफनचा छोटा व्हॉल्व्ह, इंजिन बंद असताना पाणी आपोआप ओढलं जाऊ नये म्हणून हवा आत घेणारा. मेकॅनिकला टी कमानीच्या पुढे, एल्बोजवळ हवा होता. तिथे हात सहज पोहोचतो, नळीही कमी लागते. मी म्हटलं, बोट पाण्यात घे, दाखवतो.

नवा कार्बन बसवून बोट उतरवली. सीलच्या टोकाला पारदर्शक नळी लावून वर धरली. गवंडी लेव्हल काढतो तसं पाणी नळीत चढलं आणि बाहेरच्या पातळीला थांबलं. मग नळीचं तोंड एल्बोच्या उंचीला आणलं. धार लागली. इंजिन बंद, पंप बंद, तरी पाणी चालू. पंपाला आम्ही बंद करताना व्हॉल्व्ह फिरवतो. धरण कोण बंद करणार? एल्बोजवळ टी असता तर रात्रभर हेच पाणी कमानीला वळसा घालून एक्झॉस्टमध्ये भरलं असतं, तिथून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही. सकाळी सेल्फ मारला की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकलाच. मेकॅनिकने न बोलता टी उचलला आणि कमानीच्या अलीकडे, एक्स्चेंजरच्या बाजूला धरला. तिथून पाणी मागे आलं तरी चढत्या नळीत बाहेरच्या पातळीएवढंच चढतं, माथा ओलांडत नाही.

नळी जोडण्याआधी इंजिन चालू करून तिचं सुटं टोक बादलीत धरलं. आयडलला धार बारीक होती, पण सलग. सीलला तेवढी पुरते. मग जोडून पूर्ण वेगात फेरी मारली. किंचाळणं बंद. टेम्परेचर गन चकचकीत स्टेनलेसवर खोटं बोलते, म्हणून काळ्या कार्बनवर धरली. आकडा बाहेरच्या पाण्यापेक्षा जरासा जास्त, बस. परतल्यावर इंजिन बंद करून जेवायला गेलो आणि आल्यावर एल्बोवरची नळी सोडून पाहिली. पाणी वाढलेलं नव्हतं.

मालकांना तरी धाकधूक होतीच. "या नळीला एक कॉक बसवूया का? उभी असताना बंद ठेवू."

मी नको म्हटलं. कॉक बंद करणारा माणूस उघडायला विसरतो, आणि मग पुन्हा तुमची पिशवी माझ्या टेबलावर. त्याऐवजी प्रत्येक जोडावर स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिप लावल्या आणि तो पितळी प्लग मेकॅनिकच्या हातातून काढून घेतला.