खिशातला कापूस

मशीन लावण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून झटकायचा, हा माझा नेम. घरात त्याची यथेच्छ टिंगल होते. "सापडला का खजिना?" असं आतल्या खोलीतून विचारलं जातं. परवा दुपारी मुलाच्या जीन्समधून निघालं ते असं: सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदाराने टेकवलेलं एक चॉकलेट, वितळून पुन्हा घट्ट झालेलं; कसलीशी पावती, शाई पार उडालेली; आणि शिवणीच्या कोपऱ्यात दडून बसलेला तो करडा, मऊ गोळा. आमच्या आईचा त्याला शब्द होता 'कापूस'. तो चिमटीत धरून मी खिडकीशी आलो आणि तोंडाने आपोआप एक ठेका सुरू झाला. समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. पन्नाशीच्या माणसाने बर्म्युडा घालून, हातात कापूस धरून मान डोलवू नये, हे मलाही कळतं.

पण त्या गाण्यात हाच कापूस आहे, त्याला मी काय करू?

एरिक बी. आणि रकीम ही न्यू यॉर्कची रॅपवाली जोडी. 'पेड इन फुल' हा त्यांचा पहिलाच अल्बम, ७ जुलै १९८७चा. आमच्या लालबागच्या खोलीत तो पुढच्या वर्षी आला, मामाच्या बॅगेतून. मामा बोटीवर होता. येताना तो दाढीची ब्लेडं, वासाचे साबण आणि कॅसेटी आणायचा. कॅसेट निवडायची त्याची पद्धत सोपी होती. बंदरावरच्या दुकानात जिच्यावरचं चित्र जास्त भडक, ती आपली. या कॅसेटवर दोन तगडे तरुण, मागे नोटाच नोटा, अंगात छापील कातडी जाकिटं आणि गळ्यात बैलाच्या दाव्याएवढ्या जाड सोन्याच्या साखळ्या. आजीने चष्मा लावून ते चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाली, "इतका सोना गळ्यात घालून भायर पडतत, ह्यांका चोरांचा भय नाय काय?"

ती जाकिटं हार्लेममधल्या डॅपर डॅनच्या दुकानात शिवलेली होती. त्यांच्यावर गूचीची अक्षरं होती, पण त्या बड्या कंपनीने ती शिवलीच नव्हती. हे मला फार उशिरा कळलं आणि ते दोघे एकदम आमच्या चाळीतले वाटायला लागले. आमचेही दिवाळीचे शर्ट असेच असायचे, सिनेमातल्या हिरोचे, पण नाक्यावरच्या शिंप्याने शिवलेले.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, की रॅप म्हणजे काय हो, आपला पोवाडाच की. मला या वाक्याचा राग येतो. जगातलं काहीही दिसलं की ते आपल्याकडे आधीच होतं म्हणून मोकळं व्हायचं. पोवाड्यात शाहीर उभा राहतो, आवाज चढवतो, समोरच्याच्या अंगावर काटा आणतो. रकीमचं सगळं उलटं. या जोडीचं पहिलं गाणं मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरातल्या स्टुडिओत झालं. तिथे मार्ली आणि एमसी शॅन नावाचा दुसरा रॅपर त्याला सांगत होते, की अरे, जरा जोर लाव. हा आपला बसल्या बसल्या, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, खालच्या पट्टीत म्हणत राहिला. लाँग आयलंडच्या वायंडँच गावचा पोरगा, सॅक्सोफोन वाजवणारा, जॅझमधल्या जॉन कोल्ट्रेनचा भक्त. अल्बम आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आणि त्या पहिल्या गाण्याचं नाव काय, तर 'एरिक बी. इज प्रेसिडेंट'! शब्द याचे, आवाज याचा आणि अध्यक्ष तो. जोडीच्या नावातही एरिक बी. आधी. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून ज्यांचं नाव ठळक छापतात, ते काका मांडवात खुर्चीवर बसलेले असतात, तसं मला वाटायचं. हे एरिक बी.वर अन्यायाचं आहे. अल्बमच्या दहा तुकड्यांपैकी तीन जवळजवळ बिनशब्दांचे आहेत. नुसते एरिक बी.चे ठेके आणि त्याने तबकडी मागेपुढे घासल्याचे आवाज. आम्हा पोरांना तेच सगळ्यात आवडायचे. त्यांत न कळण्यासारखं काही नव्हतं.

बाकीच्यात मात्र काहीच कळायचं नाही. मी मराठी शाळेत आठवीत. 'पेड इन फुल' गाणं सुरू होतं तेच मुळी दोघांच्या गप्पांनी. आपली एजन्सी कोण, रेकॉर्ड कंपनी कोण, अशी नावं एकमेकांना सांगतात, जणू फॉर्म भरताहेत. मग एकच कडवं. त्यातून मला दोन शब्द पकडता आले, 'मनी' आणि 'फिश'. आमचं घर मालवणकडचं, त्यामुळे दुसऱ्या शब्दावर सगळे खूश झाले. मामा म्हणाला, "म्हणजे आपल्यातलोच आसा."

पुरं कडवं वाचलं ते बऱ्याच वर्षांनी. माणूस कसलासा मोठा बेत आखतोय, पण हाताला फक्त घाम. खिशात हात घालतो, पैसे संपलेत. आणखी खोल घालतो, तर बोटाला लागतो तो हा कापूस. पूर्वी लोकांना धमकावून लुबाडायचो, हे आठवतं. आता सरळ मार्गाला लागलोय, तर बघू एखादी नऊ ते पाचची नोकरी. शीळ घालत रस्त्याने चालतो आणि काय काय हवंसं वाटतंय ते मोजतो. पेन, कागद, टेप आणि भरलेलं मोठं ताट. ताट म्हणताना ओळ संपते. कशाचं ताट? तर 'फिश' हा शब्द पुढच्या ओळीच्या तोंडाशी ठेवलेला. त्याच्या आधीचे बहुतेक जण यमक ओळीच्या शेवटी आणून आदळायचे, ढोलावर टिपरी पडावी तसं. हा वाक्याला ओळीचा उंबरा ओलांडू देतो. ताट मांडलंय आणि वाढणारी बाई अजून स्वयंपाकघरातच आहे, तेवढा एक क्षण. मग मासा येतो, आणि लगेच कळतं, की पैशाविना तो मासाही नुसती इच्छाच.

पुढे एका मुलाखतीत रकीम म्हणाला होता, की हा अल्बम ऐकला की मी कागदावरून वाचतोय हे मला ऐकू येतं. मला नाही येत. मला त्या ताटाचा आवाज येतो.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळीवर, सदऱ्याच्या खिशात, सगळीकडे कापूस. आई मोरीत बसून खिसे उलटे करायची आणि ती रुई बोटाने काढून एका डब्यात टाकायची. वाती होतील म्हणायची. त्या कधी झाल्या नाहीत. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला. खिसे उलटे करायची सवय तिने सोडली नाही, पण आता त्यांतून कापूससुद्धा निघत नव्हता. रकीमला निदान तेवढं तरी मिळालं होतं.

कोपऱ्यावरच्या वाण्याची लांबट वही होती. पैसे दिले की तो पानावर तिरकी रेघ ओढून 'चुकते' असं लिहायचा. हिशेब चुकणं आणि हिशेब चुकता होणं यांतला फरक मला बरीच वर्षं कळत नव्हता. आमच्या पानावर मी ती रेघ फारशी पाहिली नाही, म्हणूनही असेल.

१९८८च्या पावसाळ्यात बाबांना गिरणीतून बोलावणं आलं. रेव्हेन्यूच्या तिकिटावर आडवी सही करून ते घरी आले तेव्हा एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात पापलेटची जोडी. आईने विचारलं, "अहो, किती दिले?" बाबा म्हणाले, "फुल अँड फायनल." आकडा त्यांनी सांगितला नाही. मी कागद उचलून बघितला. कळलं काहीच नाही, पण एक शब्द ओळखीचा निघाला. धावत जाऊन कॅसेट आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवलं, की बघा, यातला 'फुल' आणि त्यातला 'फुल' एकच आहे, अक्षरंसुद्धा तीच.

"हो का," बाबा म्हणाले.

पापलेट मात्र ताजं होतं.