पेटीतलं बाळ आणि तिसावा दिवस

बाळाचं जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा ते ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल, तर नजर घालवू शकणाऱ्या एका आजारासाठी जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा मागचा पडदा तपासून व्हायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला बरेच दिवस ऑक्सिजन लागला असेल, रक्तात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा रक्त चढवावं लागलं असेल, तर त्यालाही सोडू नये. अमेरिकेत ही मर्यादा १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे अशी आहे. ती इथे जशीच्या तशी वापरली तर बरीच बाळं निसटतात, कारण आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार गंभीर रूपात होतो.

आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, बोलताना सगळे आरओपीच म्हणतात. पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून वाढायला लागतात आणि कानाकडच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना जवळपास पूर्ण दिवस भरावे लागतात. बाळ आधी बाहेर आलं की काठ रिकामा राहतो. जास्त ऑक्सिजन मिळाला की वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे त्या उपाशी काठालाच रक्त हवं असतं, तो वाढीचे संदेश पाठवतो आणि कमकुवत, भरकटलेल्या नव्या वाहिन्या उगवतात. त्यातून रक्तस्राव, व्रण, ओढ आणि शेवटी पडदा सुटणं.

म्हणून प्रतिबंधाची सुरुवात पहिल्या तासापासून होते. सिलिंडरमधून येतो तो जवळजवळ १०० टक्के ऑक्सिजन. त्यात हवा मिसळायला ब्लेंडर लागतो आणि ब्लेंडरला दाबाखालची हवा. कंप्रेसर बंद पडलेला असेल तर भिंतीवरचा ब्लेंडर नुसता शोभेला. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांदरम्यान ठेवायचं आणि मॉनिटरचा वरचा अलार्मही लावायचा. खालचा अलार्म सगळे लावतात, वरचा कटकट करतो म्हणून बंद केला जातो आणि बाळ रात्रभर ९९ वर राहतं. छान गुलाबी दिसतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. बाळ साध्या हवेवर असेल तर मात्र ९८ आकड्याला घाबरायचं कारण नाही. याच्या जोडीला आईचं दूध, कांगारू पद्धतीने छातीशी धरणं आणि प्रत्येक वेळी हात धुणं. जंतुसंसर्ग टळला आणि वजन नीट वाढलं, तर आरओपीचा धोकाही घटतो.

एवढं करूनही खरी गळती घरी सोडल्यावर होते. १६०० ग्रॅमचं बाळ बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत घरी जातं, तिसावा दिवस घरात उजाडतो. आणि आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही! मुदत ३० दिवसांची, घरचा नियम ४० दिवसांचा. त्यामुळे आजीला आणि वडिलांना डिस्चार्जच्या वेळीच समोर बसवून सांगावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे तपासून घ्या’ एवढंच लिहून उपयोग नाही. तारीख, ठिकाण आणि फोन नंबर हवा. दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, घरी गेल्याच्या तारखेपासून नाही. आशाताईंच्या ठरलेल्या गृहभेटींत २१ वा आणि २८ वा दिवस असतोच. २१ व्या दिवशी तिने कार्ड मागून पाहिलं तर हातात अजून आठवडा उरतो. २८ व्या दिवशी धावपळ होते.

‘डोळे टकाटका उघडतो, उजेडाकडे बघतो’ हे ऐकून कुणीही निर्धास्त होऊ नये. सुरुवातीचा आरओपी बाहेरून दिसतच नाही. बुबुळाआड पांढरट दिसायला लागतं तेव्हा पडदा सुटलेला असतो आणि मोठी शस्त्रक्रिया करूनही कामाची नजर क्वचितच मिळते.

तपासणीच्या आधी साधारण तासभर दूध देऊ नये, नाहीतर उलटी श्वासात जाते. त्याहून जास्त वेळ उपाशीही ठेवू नये. लांबून आलेल्या बाळांचा नंबर आधी घ्यावा. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिनचे थेंब. बाजारात मिळणारी मोठ्यांची बाटली ०.८ आणि ५ टक्क्यांची असते. ती कृत्रिम अश्रूंच्या थेंबांत निम्मी पातळ करायची. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वेळा, दरवेळी एकच थेंब, आणि गालावर ओघळलेलं लगेच पुसायचं, कारण ते अंगात शोषलं जाऊन रक्तदाब वाढवतं. तरी बाहुली उघडत नसेल तर थेंब ओतत बसू नये. न उघडणारी बाहुली हेच बळावलेल्या आजाराचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना ताबडतोब सांगावं. डोळा दाबला गेला की हृदयाचे ठोके मंदावतात, श्वासही थांबू शकतो. म्हणून शेजारी नर्स, हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग आणि बाळाच्या मापाचा मास्क तयार हवा. पापण्या उघडायचा चिमटा प्रत्येक बाळाला वेगळा, निर्जंतुक केलेला.

जिल्ह्यात पडदातज्ज्ञ नसेल तर प्रशिक्षित तंत्रज्ञाने कॅमेऱ्याने फोटो काढून दूरच्या तज्ज्ञाला पाठवायचे, हा मार्ग कर्नाटकात किडरॉप प्रकल्पाने २००८ पासून चालवून दाखवला आहे.

पहिली तपासणी ‘ठीक’ आली म्हणजे सुटका नव्हे. वाहिन्या काठापर्यंत पोचल्या असं लिहून मिळेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी यावंच लागतं. उपचार (लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन) लागतील असं ठरलं तर ते ४८ ते ७२ तासांत व्हायला हवेत. पुढच्या सोमवारी बघू, हे इथे चालत नाही. लेसर केलेल्या डोळ्यांना पुढे चष्मा लागण्याची आणि तिरळेपणाची शक्यता जास्त, त्यासाठी शाळेत जाईपर्यंत नियमित तपासणी. डोळ्यात इंजेक्शन दिलं असेल तर आजार काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उलटतो. म्हणून औषधाचं नाव आणि तारीख कार्डावर ठळक लिहा. ती नोंद नसली तर पुढच्या डॉक्टरला पडदा शांत दिसतो आणि तो बाळाला तपासण्यांतून मोकळं करून टाकतो.