केप डिसअपॉइंटमेंटच्या हिवाळी लाटा : माझा अनुभव

पोर्टलंडहून वॉशिंग्टन राज्याच्या नैर्ऋत्य टोकावरील केप डिसअपॉइंटमेंटला जायला दोन-अडीच तास पुरतात. खरा वेळ जातो तो दिवस निवडण्यात. हिवाळ्यात अलास्काच्या आखाताकडून वादळे एकामागून एक या किनाऱ्यावर येऊन थडकतात, पण त्यांतले प्रत्येक पाहण्याजोगे नसते, म्हणून मी कोलंबिया नदीच्या मुखाबाहेर नांगरलेल्या ४६०२९ क्रमांकाच्या, लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयाच्या नोंदी रोज पाहू लागलो. बहुतेक जण तिथे लाटांची उंची तेवढी पाहतात. माझ्या मते लागोपाठच्या दोन लाटांत किती सेकंद जातात, हे अधिक मोलाचे आहे : ८-९ सेकंदांनी येणाऱ्या १२ फुटी लाटा वाऱ्याने नुसत्या विस्कटलेल्या असतात, तर तेवढ्याच उंचीच्या, पण १६-१७ सेकंदांनी येणाऱ्या लाटा दूरच्या वादळाचा सगळा जोर घेऊन खडकावर आदळतात.

उरला प्रश्न भरतीचा. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने ते आणखी थोडे चढते. उधाण, लांब पल्ल्याच्या लाटा आणि वारा पडलेली सकाळ असे तिन्ही जुळून येईपर्यंत मी थांबलो. वाहनतळासाठी लागणारा डिस्कव्हर पास आधीच काढून ठेवला होता.

केप डिसअपॉइंटमेंटवरील वायकीकी बीच (हवाईतली नव्हे) ही कड्याखालची लहानशी पुळण आहे आणि त्या कड्यावर १८५६ सालचे दीपगृह उभे आहे. त्या दिवशी रेंजर कोणालाही पुळणीवर उतरू देत नव्हते, आणि ते योग्यच होते, कारण तिथे पडलेले टनावारी वजनाचे ओंडके घोटाभर पाण्यातही उचलले जातात व माणसाला चिरडू शकतात. कड्यावर आपटून परतणारी लाट मागून येणाऱ्या लाटेला भिडली, की गढूळ, तपकिरी पाण्याची भिंत सरळ वर उसळत असे. ती आधी दिसे आणि तिचा आवाज क्षणभराने येई. कॅमेऱ्याच्या काचेवर खारे तुषार इतके बसत, की सुती फडके हातातून खाली ठेवता येत नव्हते.

ओहोटी लागताच जोर झपाट्याने ओसरला. त्यामुळे ऐन भरतीच्या किमान तासभर आधी पोहोचावे. उशिरा आलेल्यांना गाडी लावायला जागाच मिळाली नाही.